काकाजींचा नंबर

नत्थुजी ढोके यांचा फोन जेवताना वाजायचा, दाढी करताना वाजायचा, देवापुढे हात जोडले की हमखास वाजायचा. मागच्या उन्हाळ्यात अकोल्याला जठारपेठेत त्यांच्या भाच्याचं साक्षगंध होतं. नवरीची ओटी भरायची वेळ झाली, गुरुजी मामांना हाका मारत होते, आणि मामा कनातीमागे एका कानात बोट घालून कोणाला तरी आकडे सांगत होते. "चार, शून्य, सात. सात गं बाई. वार सात असतात ना, तो सात." एका चहाटळ व्याह्याने तिथल्या तिथे विचारून घेतलं, "काहो मामाजी, सट्टापट्टी लावून राहिले काय?" मांडव हसला. नत्थुजीही हसले. पण परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले ते बडनेऱ्यापर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. फोन तेवढा मुठीत जागा होता.

आकडे सट्ट्याचे नव्हते. नत्थुजी अमरावतीच्या एका महिला महाविद्यालयात मोठे बाबू होते, आणि त्या महाविद्यालयातल्या बहुतेक मुलींच्या विद्यापीठातल्या खात्यांवर त्यांचाच मोबाइल नंबर होता.

सुरुवात झाली ती प्रवेश ऑनलाइन झाले त्या वर्षी. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मुलीचं खातं उघडायचं, त्यात तिचा नंबर टाकायचा. मुली बाकी सगळं भरायच्या आणि नंबरापाशी येऊन थांबायच्या. कोणाच्या घरी एकच फोन, तो बापासोबत वावरात जायचा. कोणाचं सिमकार्ड रिचार्ज संपला की बदलायचं. आणि बऱ्याच जणींना घरून ताकीद होती, की पोरीचा नंबर बाहेर कुठेही लिहून द्यायचा नाही. कॉलेजात नाही आणि नेट कॅफेवर तर मुळीच नाही. कोण उचलेल, कोण काय मेसेज टाकेल, याचा नेम नाही. रांग खोळंबली होती, मुदत संपत आली होती. खिडकीतून नत्थुजींनी एका रडवेल्या मुलीला सांगितलं, "जाऊ दे, माझा टाक. मग पाहू."

ते 'मग' काही आलं नाही. तिच्या मागच्या मुलीने तोच नंबर टाकला, तिच्या मागचीनेही. पुढच्या वर्षी नव्या मुली जुन्या मुलींना विचारूनच आल्या. राजकमल चौकातल्या कॅफेवाल्यांना तो नंबर तोंडपाठ झाला. या कॉलेजची मुलगी आली की ते न विचारताच टाकून मोकळे होत. पालकांचा नंबर विचारला असेल तर तिथेही तोच. मग मुलीने खातं उघडायला घेतलं की सहा आकड्यांचा ओटीपी नत्थुजींच्या खिशात येई आणि त्यामागोमाग मुलीचा फोन येई. "काकाजी, आला का हो?" निकाल आधी त्यांना कळत. धामणगावला लग्न होऊन गेलेली मुलगी कडेवरचं मूल रडत असताना पदवीच्या प्रमाणपत्रासाठी ओटीपी मागे. त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही. चढवायला अंगात जोर हवा, तोही हल्ली उरत नसे.

मुलींचंच असं होतं, असं मात्र कोणी समजू नये. प्राध्यापकांची तऱ्हा वेगळी नव्हती. एका सरांचा पासवर्ड त्यांच्या बायकोचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता, आणि तो सगळ्या कॉलेजला माहीत होता. दुसऱ्या बाई संगणक बंद करताना पडद्याचं बटण दाबत आणि निघून जात. यंदा विद्यापीठाने ठरवलं की कर्मचारी आणि विद्यार्थी सगळ्यांना डिजिटल साक्षर करायचं. वर्षाली मॅडम नावाची एक उत्साही मुलगी प्रशिक्षण द्यायला आली. सभागृहात पंखे लावले, पडदे ओढले, चहा-समोसे झाले. मॅडमनी दोन दिवस जीव तोडून सांगितलं की आपला पासवर्ड आपल्याजवळ ठेवावा, ओटीपी कोणाला देऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी प्रत्येकाने आपल्या फोनवर एक चाचणी सोडवायची होती. तेव्हा अर्ध्या प्राध्यापकांनी आपापले फोन नत्थुजींच्या टेबलावर आणून ठेवले. "बाबू, तेवढं करून द्या. आमाले तास आहे." नत्थुजींनी एकेक करून सगळ्या चाचण्या सोडवल्या. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. कोणाचा एक गुण जास्त झाला, कोणाचा कमी, कारण शेवटी शेवटी त्यांचे डोळे दुखायला लागले होते.

प्रशिक्षणानंतर आदेश आला तो मात्र चहा-समोशाचा नव्हता. एका नंबरावर एकच खातं राहील. हिवाळी परीक्षेच्या अर्जाची मुदत संपेल त्या दिवशी सायंकाळी पाचला बाकीची खाती गोठतील. नत्थुजींचा नंबर त्यांच्या स्वतःच्या कर्मचारी खात्याला राहणार होता. म्हणजे प्रत्येक मुलीने त्याआधी आपल्या खात्यावर वेगळा नंबर घालायचा, नाहीतर परीक्षेचा अर्ज जाणार नाही आणि वर्ष बुडेल.

त्या संध्याकाळी नत्थुजी घरी आले आणि चपला काढायच्या आधीच पायरीवर बसले. त्यांची बायको लीलाबाई. तिचं सगळं आयुष्य गाडगेनगरच्या बालवाडीत गेलं होतं. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. नत्थुजी म्हणाले की एका दमात बसून सगळ्यांचे नंबर आपणच बदलून टाकतो, एकदाची कटकट मिटेल.

लीलाबाई हसली. तिने त्यांना बालवाडीतल्या बटणांची गोष्ट सांगितली. चार वर्षांचं लेकरू सदऱ्याचं बटण लावताना इतका वेळ लावतं की बघणाऱ्या आईचे हात शिवशिवतात. ती लावून देते, पोराला शाळेत धाडते. तेच पोर पहिलीत जातं तेव्हाही बटण उघडं ठेवून मास्तरांसमोर उभं राहतं. "आईचं प्रेम कमी नसते," ती म्हणाली, "हाताले धीर नसते. मी काय करत होती माहीत आहे? लेकराच्या बाजूले बसायची आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवायची. तुमी बी तसेच बसा."

नत्थुजींना हे पटलं म्हणण्यापेक्षा न पटवून घेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी संगणकाच्या खोलीत एक खुर्ची टाकली. मुलगी समोर बसायची आणि ते बाजूला, हात मांडीखाली. त्यांनी फक्त आपल्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायचा, बाकी सगळं तिने करायचं. हे वाटतं तेवढं सोपं नसतं. दिवसभर फोनवर रील्स सरकवणाऱ्या मुलीला मोठं अक्षर कसं टाकायचं ते माहीत नव्हतं. एक जण पासवर्ड म्हणून पुन्हा पुन्हा 'पासवर्ड' हाच शब्द लिहीत होती. मैत्रिणी मागून यायच्या आणि "अगं, सरक" म्हणून माउस ओढायच्या. नत्थुजी त्यांना हुसकून लावायचे. ओटीपीची वेळ संपायची, पुन्हा मागवायचा. त्यांच्या हातांना मुंग्या यायच्या. पण शिकलेलं माणूस समोर दिसतं, तेव्हा दिसतंच. खुर्चीत आलेली मुलगी आणि खुर्चीतून उठलेली मुलगी यांच्या चालीत फरक असायचा. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

दसरा उलटून गेला. रांग सरत आली. राहिली ती कहकशाँ.

कहकशाँ अचलपूरची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. रोज एसटीने येणारी, इतिहासात पहिली. तिच्या वडिलांचं, नईम यांचं, गाद्या-रजयांचं दुकान होतं. घरात आई जहाँआरा हिच्याकडे एक फोन होता, पण त्याचा नंबर पाच-सहा नातेवाइकांपलीकडे कोणाला माहीत नव्हता, आणि तो बाहेर द्यायचा नाही हा घरचा कायदा होता. कहकशाँने दोनदा घरी विषय काढला, दोनदा तो तिथेच बंद झाला. वडिलांच्या दुकानाचा नंबर चालेल का, असंही तिने विचारलं. तो त्यांच्या बँकेच्या कामाला होता आणि त्यांना तो मोकळाच ठेवायचा होता. ती नत्थुजींना म्हणाली होती, "काकाजी, माझं एकटीचं तुमच्याच नंबरावर राहू द्या ना. तुमचं खातं नाही राहिलं तर चालत नाही का?" आणि लगेच तिचीच तिला लाज वाटली.

नत्थुजींनी मग स्वतःच नईम यांना फोन केला. पोरीचं वर्ष बुडेल, एवढंच सांगितलं. नईमभाई म्हणाले, हंगाम आहे, थंडी तोंडावर आली, दुकान सोडता येत नाही, पण घरचा फोन घेऊन येतो.

ते मुदतीच्या दिवशीच आले. दुपार कलली होती. अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याहून येणारी गाडी वाटेत बंद पडली होती. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बाहीवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले. घरचा फोन त्यांच्या खिशात होता. कहकशाँ त्यांच्या मागे दोन पावलं. त्यांनी सलाम केला, बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुमीच करून द्या पटकन. मले चारची गाडी धरू द्या."

नत्थुजींनी सांगितलं की हे तिनेच करायचं आहे, वेळ लागत नाही. कहकशाँ संगणकापुढे बसली. तिने आपला क्रमांक टाकला, नत्थुजींच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी वाचला, तिचं खातं उघडलं. पडद्यावर तिचा फोटो आला, नाव आलं, जन्मतारीख, पत्ता. नईमभाई उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच बघत होते. हळूहळू, एकेक ओळ बोटाने धरल्यासारखं त्यांनी वाचलं. विद्यार्थिनीचा मोबाइल. पालकांचा मोबाइल. दोन्हीकडे एकच नंबर.

"हा कोणाचा?"

नत्थुजी म्हणाले, "माझा."

नईमभाईंनी मग विचारायला सुरुवात केली, आणि नत्थुजींनी उत्तरं दिली. तिचे निकाल कोणाच्या फोनवर आले? माझ्या. तिच्या परीक्षेचं केंद्र कोणतं, ती कोणत्या दिवशी कुठे जाणार, हे कोणाला कळत होतं? मेसेज मला येत होते. तिचं खातं कोणी उघडू शकत होतं का? उघडता आलं असतं, पण मी कधी उघडलं नाही. ही उत्तरं देताना नत्थुजींना आपला आवाज दुसऱ्या कोणाचा वाटायला लागला. ते खोटं काहीच बोलत नव्हते आणि तरी प्रत्येक उत्तर वाईट लागत होतं.

नईमभाई ओरडले नाहीत. ते खालच्या आवाजात बोलले, म्हणून ते जास्त लागलं.

"मी घरचा फोन नंबर कोणाले देत नाही, काहून? कोणी गैर माणूस पोरीपर्यंत जाऊ नये. आणि तीन साल झाले, माझ्या पोरीचा सारा हिसाब एका गैर माणसाच्या खिशात. बापाच्या जागी तुमचा नंबर, भाऊ. मले माहीतच नाही."

इतक्या वर्षांत नत्थुजींना आभार खूप मिळाले होते. पेढे मिळाले होते. संशय कोणी घेतला नव्हता. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग आला नाही. आला तो नुसता थकवा, आणि त्याच्या तळाशी हे, की या माणसाचं चुकत नाही. दुसऱ्या एखाद्या कॉलेजात दुसरा एखादा बाबू असता तर? त्यांनी एवढंच म्हटलं, "बरोबर आहे तुमचं. तेच काढाले तर बसवलं तिले. पाचाच्या आत काढू द्या."

कहकशाँने दोन्हीकडे घरचा नंबर टाकला. तो तिला पाठ होता, तरी तिने दोनदा तपासला. आता ओटीपी त्या फोनवर यायचा होता, वडिलांच्या खिशातल्या. आणि त्याआधी नवा पासवर्ड ठरवायचा होता. तिने वडिलांकडे मागे वळून पाहिलं आणि ते जरा बाजूला होतील म्हणून थांबली. ते झाले नाहीत. तिने संगणकाचा पडदा किंचित आपल्याकडे वळवला, अक्षरं टाकली; पडद्यावर ठिपके उमटले.

"काय टाकलं?" नईमभाईंनी विचारलं.

"पासवर्ड, अब्बू."

"ते समजलं. काय?"

"ते सांगायचं नसते कोणाले."

खिशातला फोन थरथरला. ओटीपी आला होता. नईमभाईंनी फोन काढला, पडद्याकडे पाहिलं आणि तो हातातच धरून ठेवला. "बापाले बी नाही?" त्यांनी विचारलं. "आधी ते सांग. मग हे सांगतो."

खोलीत पंखा फिरत होता. भिंतीवरचं घड्याळ पाचाकडे निघालं होतं. कहकशाँचे हात किबोर्डवर तसेच राहिले. तिने नत्थुजींकडे पाहिलं. तिच्या वडिलांनीही त्यांच्याकडेच पाहिलं. "सांगा तिले, भाऊ," ते म्हणाले. "तुमचं ऐकते ते."

आणि तिने ऐकलं असतं. नत्थुजींना ते माहीत होतं. एक शब्द बोललं की पासवर्ड बाहेर आला असता, ओटीपी टाकला गेला असता, अर्ज गेला असता, बाप खूश, पोरगी पास, आणि हा माणूस जाताना त्यांच्याविषयी थोडं बरं मत घेऊन गेला असता. आज त्यांना त्याची गरज होती. बाकी सगळ्या मुलींच्या बाबतीत त्यांनी हात मांडीखाली ठेवले होते. आता जीभ दाबून ठेवायची होती की सोडायची, हेच त्यांना क्षणभर कळेना. जिथे अडलं तिथे आपण करून द्यायचं, याची त्यांच्या अंगाला लागलेली सवय जुनी होती.

"नईमभाई," ते शेवटी म्हणाले, "तुमी आता जे मले म्हटलं ना, ते खरं आहे. तिची चावी माझ्या खिशात नव्हती पाहिजे. मग ते तुमच्या खिशात तरी काहून?"

"मी बाप आहे तिचा."

"आहे ना. मी नाही कुठं म्हणतो. निकाल लागला की पोरगी तुमालेच आधी सांगन. पण उद्या तुमी दुकानात, गिऱ्हाईक समोर, आणि तिले अर्ज भराचा असन. ते तुमाले फोन करन. मग तुमी आकडे सांगत बसान. मी बसलो भाऊ, सहा-सात वर्षं. भाच्याच्या साक्षगंधात बसलो. नका घेऊ ते डोक्यावर."

नईमभाईंनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"पासवर्ड तिनं मले बी नाही सांगितला," नत्थुजी म्हणाले. "मी विचारला बी नाही."

ओटीपीची वेळ संपत होती. नईमभाईंनी फोनकडे पाहिलं, मग मुलीच्या पाठीकडे. ती वळली नव्हती. ती रडत नव्हती आणि हट्टालाही पेटली नव्हती. नुसती बसली होती, परीक्षेत पेपर हातात यायची वाट बघत बसावं तशी. बाप तिच्या त्या ताठ मानेकडे बराच वेळ बघत राहिला. ती मान त्यांच्याच घराण्याची होती.

तेवढ्यात फोनवरचे आकडे शिळे झाले. कहकशाँने हळूच दुसरा ओटीपी मागवला. फोन पुन्हा थरथरला.

नईमभाईंनी तो पुढे केला. वाचून दाखवला नाही. मुलीच्या हाताजवळ, किबोर्डच्या कडेला ठेवला.

"तूच वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं, टाकलं. नंबर बदलला. मग ती परीक्षेच्या अर्जावर गेली, विषय निवडले, एकदा चुकून मराठीच्या जागी दुसरंच काही दाबलं आणि स्वतःच मागे जाऊन दुरुस्त केलं. नत्थुजींचे हात मांडीखाली होते. त्यांनी ते इतके दाबले की बोटं पांढरी पडली. शेवटचं बटण तिने दाबलं तेव्हा संकेतस्थळ अडकलं, पांढरं झालं, गोल गोल फिरत राहिलं. तिघंही त्या चकरीकडे बघत राहिले. मग पावती आली.

नईमभाई खुर्चीत बसले. चारची गाडी कधीच गेली होती. त्यांनी बाहीवरचा कापूस झटकला आणि विचारलं की नत्थुजींच्या फोनमध्ये तिचे जुने मेसेज आहेत का. नत्थुजी म्हणाले, असतील, शेकडोंमध्ये मिसळलेले. त्यांनी फोन टेबलावर दोघांच्या मध्ये ठेवला आणि शोधून शोधून एकेक पुसायला सुरुवात केली. नईमभाई वाकून बघत होते. मध्येच एका मेसेजवर त्यांनी बोट ठेवलं. दुसऱ्या वर्षाचा निकाल होता. "हा राहू द्या जरा," ते म्हणाले, आणि त्यांनी तो सावकाश वाचला. एकेका विषयाचे गुण. मग मान हलवली. नत्थुजींनी तो पुसला.

निघताना नईमभाईंनी हात मिळवला नाही, सलाम केला. दारात ते थांबले. काही अडलं तर तुमचा नंबर माझ्याकडे असू द्या, असं ते अर्धवट म्हणाले.

"अडलं तर तिले विचारजा," नत्थुजी म्हणाले.

कहकशाँ पुढे गेली होती. घरचा फोन तिच्या हातात होता. कोणीही तो अजून परत मागितला नव्हता.